लाल डोळा, पण साथीचा नव्हे

जुलै 2023 मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ पसरली. त्यानंतर पुण्यातही ज्याचा डोळा लाल, त्याचे डोळे आले असं घरच्या घरीच ठरू लागलं. साथीत ते बहुतेकदा बरोबरही असतं. पण चिपडं नाहीत, डोळा आतून ठणकतोय, उजेड सोसवत नाही, धूसर दिसतंय आणि लाली बुबुळाच्या कडेनं जास्त आहे, तर युव्हिआयटिसची शंका घ्यावी. डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला आलेली ही सूज.

स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या, बारीक झोतात निरोगी डोळ्यात बुबुळापुढचं पाणी नितळ दिसतं. सूज असली की त्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, कवडशातल्या धुळीसारख्या. इथवर सोपं आहे. सूज आली कुठून, हे शोधताना खरी दमछाक होते.

म्हणून डोळ्याचे डॉक्टर कंबरेची चौकशी करतात. सकाळी आखडते आणि हिंडल्यावर मोकळी होते, असं तरुण रुग्णानं सांगितलं तर मणक्याच्या संधिवाताचा संशय येतो. पावसाळ्यात चिकनगुनिया झाला होता का, हेही विचारतात. ताप गेल्यावर काही आठवड्यांनी डोळा सुजू शकतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ टीबीचा. डोळ्यात प्रत्यक्ष जंतू सापडणं दुर्मीळ. मांटू, म्हणजे टीबीची त्वचेवरची चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली असावी, एवढंच. अशी माणसं भारतात कोट्यवधी आहेत. त्यात सारकॉइडोसिस, म्हणजे अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा आजार, अगदी तसाच दिसतो. मग छातीचा सीटी स्कॅन, टीबीसाठीची रक्ताची इग्रा चाचणी, डोळ्याच्या पडद्यावरचे डाग, सगळं एकत्र मांडून निर्णय घ्यावा लागतो. टीबीवरच्या इथॅम्ब्युटॉलनं डोळ्याची नस बिघडू शकते, म्हणून उपचार चालू असताना रंग नीट ओळखता येतात का, हेही पाहत राहतात.

सूज उतरवायला स्टेरॉइड लागतंच. पण मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब मला धोक्याचे वाटतात. मागे हर्पिससारखा विषाणू असेल तर आजार चिघळतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत खाणाखुणा अर्ध्या पुसलेल्या असतात. निदान ती बाटली तरी सोबत न्यावी! आजार लांबला तर प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट देतात, तेही आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे. अ‍ॅडालिमुमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या इंजेक्शनच्या आधी छुपा टीबी तपासतात, कारण त्या इंजेक्शननं तो उफाळू शकतो.

साठीपुढच्या माणसाची सूज स्टेरॉइडनं थोडी उतरून पुन्हा येत राहिली, तर डोळ्यातल्या लिम्फोमाचा, म्हणजे कॅन्सरचा, विचार करावा लागतो. त्यासाठी डोळ्यातल्या जेलीचा नमुना काढतात. स्टेरॉइड त्या पेशी मारतं आणि नमुना कोरा निघू शकतो, म्हणून शक्य असेल तर ते आधी बंद करतात.