पतसंस्थेतल्या ठेवीला 5 लाखांचं विमा संरक्षण असतं का?

कापसाचे चुकारे हाती आले की गावात हे हमखास ऐकू येतं: "पतसंस्थेत टाका, व्याज जास्त, अन् 5 लाखांपर्यंत सरकारची हमी हायेच." ही हमी पतसंस्थेला नाही. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीलाही नाही.

ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकांना आहे: सरकारी, खाजगी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली. गोंधळ 'सहकारी' या शब्दानं होतो. म्हणून पासबुकाचं पहिलं पान उघडा. 'पतसंस्था मर्यादित' असं छापलं असेल, तर विमा नाही, पाटी कितीही मोठी असो.

बँकेतही हिशेब नीट समजून घ्या. 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. मुद्दल 4,80,000 आणि साचलेलं व्याज 45,000 असेल, तर वरचे 25,000 विम्याबाहेर. वणी आणि पांढरकवड्याच्या शाखांत पैसे वाटून ठेवले, तरी बँक एकच असल्यानं बेरीज एकत्रच होते. वाटायचेच तर वेगळ्या बँकेत वाटा.

रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर निर्बंध आणले, तर ठेव विमा कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत मिळते. त्यासाठी संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेचा खाते क्रमांक वेळेत द्या. इथंच अनेकांचं अडतं: आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. ते आजच दुरुस्त करून घ्या.