चौकात आधी कोण?

चौकात वाहनं अडवायची यंत्रं आधी आली. कुणी कुणाला वाट द्यायची, हे नीट ठरायला बराच काळ गेला. डिसेंबर १८६८मध्ये लंडनच्या संसदेबाहेर रेल्वे अभियंता जे. पी. नाइट यांचा सिग्नल उभा राहिला. घडण सगळी रेल्वेचीच: दिवसा वरखाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि ते चालवायला एक पोलीस. महिनाभरात गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला.

'स्टॉप'ची पाटी १९१५ साली डेट्रॉइटमध्ये लागली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस्स. अष्टकोनी आकार १९२३चा. धोका जितका जास्त, तितक्या पाटीला बाजू जास्त, असा हिशेब होता: रेल्वे फाटकाला गोल (म्हणजे जणू अगणित बाजू), त्याखालोखाल चौकाला अष्टकोन. रंग मात्र बरीच वर्षं पिवळाच होता, कारण उन्हापावसात टिकणारा लाल रंग मिळत नव्हता. अमेरिकेत ही पाटी लाल झाली १९५४मध्ये.

पण रिकाम्या रस्त्यावरही प्रत्येकानं थांबायचं म्हणजे अतिच. म्हणून १९५०मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात क्लिंटन रिग्ज या पोलीस अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 'वाट द्या' ही पाटी आली. समोर कुणी असेल तरच थांबा. 'माझा आधी जायचा हक्क' म्हणून हुज्जत घालणाऱ्यांनी ब्रिटनचा हायवे कोड, म्हणजे तिथलं वाहतूक नियमांचं पुस्तक, वाचावा: हे नियम तुम्हाला असा हक्क कधीच देत नाहीत, दुसऱ्याला वाट केव्हा द्यायची तेवढं सांगतात.

हा फरक किती महागात पडतो, ते गोल चौकांनी दाखवलं. रस्त्याच्या उजवीकडून वाहनं चालतात त्या अनेक देशांत उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचा नियम होता. गोलात फिरणाऱ्या गाडीच्या उजव्या हाताला नेमकी आत शिरणारी गाडी येते. म्हणजे आतल्यानं थांबायचं, बाहेरच्यानं घुसायचं! गर्दी वाढली की गोल भरायचा, बाहेर पडायच्या वाटा तुंबायच्या आणि सगळंच ठप्प. ब्रिटनमध्ये तर गोलात आधी कोण, हेच ठरलेलं नव्हतं. वाहतूक अभियंता फ्रँक ब्लॅकमोर यांच्या प्रयोगांनंतर तिथे १९६६मध्ये नियम झाला: शिरणाऱ्यानं थांबावं, आतल्याला जाऊ द्यावं. कोंडी तर सुटलीच, शिवाय गोल लहान करता आले. फ्रान्सनं हा धडा १९८०च्या दशकात गिरवला. पॅरिसच्या विजयकमानीभोवती मात्र अजूनही शिरणाऱ्यालाच आधी सोडतात.