सायमनी आणि इंडल्जन्स: पदाची विक्री वेगळी, दंडमाफी वेगळी

‘मध्ययुगात पोप पैसे घेऊन पापं माफ करायचे’ हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून कानावर पडतं. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक सायमनी, म्हणजे धर्मपद किंवा संस्कार पैशाने विकणं आणि विकत घेणं. दुसरी इंडल्जन्स, जिला मराठीत आपण पापविमोचनपत्र म्हणतो. दोन्हींत चर्च आहे आणि दोन्हींत पैसा आहे, त्यामुळे गल्लत होते. पण चर्चच्या स्वतःच्या कायद्यात सायमनी पहिल्यापासून गुन्हा होता, तर इंडल्जन्स पूर्णपणे कायदेशीर होती. हा फरक निसटला तर 1517 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूच्या विरोधातून एवढा भडका का उडाला, हे नीट कळतच नाही.

सायमनी हे नाव बायबलमधल्या शिमोन नावाच्या जादूगारावरून आलं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात ही गोष्ट आहे. पेत्र आणि योहान डोक्यावर हात ठेवतात आणि माणसाला पवित्र आत्मा मिळतो, हे शिमोन शोमरोनात पाहतो आणि तीच शक्ती आपल्याला मिळावी म्हणून पैसे पुढे करतो. पेत्र त्याला तिथल्या तिथे झिडकारतो. 451 साली कॅल्सेडनच्या धर्मपरिषदेने यावर स्पष्ट नियमच केला: पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपचं पद धोक्यात, पैसे देऊन मिळवलेलं पद निरुपयोगी, आणि मधला दलालसुद्धा शिक्षेला पात्र.

तरीही सायमनी होत राहिली, अगदी पोपच्या गादीपर्यंत. 1032 साली टस्क्युलमच्या सरदार घराण्यातला तरुण बेनेडिक्ट नववा पोप झाला. त्याच्या आधीचे दोन पोप त्याचे सख्खे काका होते, म्हणजे गादी घरातच फिरत होती. 1045 साली त्याने ती आपला धर्मपिता योहानेस ग्रॅशियानस याला पैसे घेऊन सोडली. आता विकत घेणारा हा माणूस कोण होता ते बघा. तो लोभी किंवा बदफैली नव्हता, रोममध्ये त्याचं नाव चांगलं होतं. तो ग्रेगरी सहावा या नावाने पोप झाला, तेव्हा पीटर डेमियनसारख्या कडक सुधारकालाही आनंद झाला. मला यात एका भल्या माणसाची घोडचूक दिसते: वाईट पोप जावा म्हणून त्याने पैसे मोजले, आणि मोजलेल्या पैशामुळे स्वतःच गुन्हेगार ठरला. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1046 मध्ये, सम्राट होऊ पाहणाऱ्या जर्मन राजा तिसऱ्या हेन्रीने सुत्री गावी धर्मसभा भरवली आणि ग्रेगरीला पायउतार व्हावं लागलं. त्याच्याबरोबर जर्मनीला हद्दपारीत गेलेल्यांत हिल्डेब्रँड नावाचा एक तरुण होता. तो 1073 साली स्वतः पोप झाला, ग्रेगरी सातवा हे नाव घेतलं, आणि सायमनीविरुद्धची सर्वांत मोठी लढाई त्यानेच चालवली.

इंडल्जन्सचं मूळ अगदी वेगळ्या जागी आहे. कॅथलिक शिकवणीनुसार पापाला दोन बाजू असतात, दोष आणि दंड. माणसाने पश्चात्ताप करून धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलं की दोष माफ होतो. दंड मात्र राहतो. तो उपवास, प्रार्थना, तीर्थयात्रा अशा प्रायश्चित्तातून फेडायचा, आणि या जन्मात फिटला नाही तर मेल्यावर पर्गेटरीत, म्हणजे शुद्धिस्थानात. इंडल्जन्स म्हणजे या उरलेल्या दंडातली सूट. म्हणून पापविमोचन हा शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. दंडमाफी म्हटलं तर अर्थ जवळ येतो. आधी दोष धुतला गेला नसेल, तर दंडमाफीचा काही उपयोगच नाही.

या माफीचं एक जुनं उदाहरण बघा. 1095 साली फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या सभेत पोप अर्बन दुसरा याने जाहीर केलं, की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जो जाईल त्याचा प्रवास हेच त्याचं सगळं प्रायश्चित्त समजावं. पैशाचा हेतू इथे उलट बाद धरला होता. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेत तर सायमनी आणि इंडल्जन्स शेजारी शेजारी सापडतात. कलम 62 इंडल्जन्सला आवर घालतं: नव्या चर्चच्या अभिषेकाला जास्तीत जास्त एक वर्षाची सूट, वर्धापनदिनाला 40 दिवसांची. लगेच पुढचं कलम 63 सायमनीबद्दल आहे, आणि ते सरळ बंदी घालतं. एकीला मर्यादा आणि दुसरीला मनाई, असा हा हिशेब होता.

त्या काळच्या श्रद्धाळू माणसाला हा भेद किती स्पष्ट दिसत होता, ते इटालियन कवी दान्तेकडे पाहिलं की समजतं. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त सायमनी करणारे पोप नरकात खडकातल्या भोकांत उलटे खोचलेले आहेत आणि त्यांच्या वर निघालेल्या तळपायांवर ज्वाळा नाचताहेत. तिथे निकोलस तिसरा पावलांचा आवाज ऐकून विचारतो, बोनिफेस, इतक्यात आलास? बोनिफेस आठवा तेव्हा जिवंत होता, पण त्याची जागा राखून ठेवलेली होती. आणि याच बोनिफेसने 1300 साली ज्युबिली वर्षाची, म्हणजे विशेष पवित्र वर्षाची, संपूर्ण दंडमाफी जाहीर केली होती: रोमकरांनी 30 दिवस आणि बाहेरच्यांनी 15 दिवस संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांना भेट द्यायची, पश्चात्ताप आणि पापनिवेदन करून. त्या माफीला दान्ते नावं ठेवत नाही. त्याच्या काव्यात तिच्यामुळे आत्मे तीन महिने निर्वेधपणे शुद्धिस्थानाकडे जाताहेत.

मग इंडल्जन्स बिघडली कुठे? एका रात्रीत नाही. 1343 साली पोप क्लेमेंट सहावा याने ख्रिस्त आणि संतांच्या पुण्याचा साठा चर्चच्या हाती आहे, हा विचार अधिकृत केला. 1476 साली सिक्स्टस चौथा याने माफीचा लाभ मेलेल्यांपर्यंत नेला. आता गेलेल्या आईसाठी मुलगा पैसे टाकू शकत होता, आणि त्या मायेला नाही म्हणणं फार अवघड असतं. देणगी हे मुळात प्रायश्चित्ताचं एक रूप होतं, हळूहळू तीच मुख्य गोष्ट झाली.

1454–55 साली जर्मनीतल्या माइन्झमध्ये छापलेली इंडल्जन्सची पत्रं आजही आहेत. चर्मपत्राचा एकच ताव, त्यावर 31 ओळींचा लॅटिन मजकूर, तुर्कांपासून सायप्रसच्या रक्षणासाठी देणगी देणाऱ्यासाठी. मधे नाव आणि तारीख हाताने भरायला मोकळी जागा. खाली धर्मगुरूने म्हणायची दोन सूत्रं छापलेली, एक हयातीत म्हणायचं, दुसरं मरणसमयी. म्हणजे पत्र घेऊनही पापनिवेदन करायचंच होतं, कागदावरच तसं होतं. पण रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला लॅटिन कुठून येणार? त्याच्या हाती आला तो नाव लिहिलेला, मोहोर असलेला कागद. माझ्या मते घोटाळा इथे आहे: नियम एक सांगत होता आणि बाजारात दुसरंच ऐकू येत होतं.

सायमनी आणि इंडल्जन्स एका कर्जात एकत्र आल्या. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त मॅग्डेबुर्गचा आर्चबिशप होता, हाल्बरश्टाटचा कारभारही त्याच्याकडेच होता. 1514 साली त्याला माइन्झचं आर्चबिशपपदही मिळालं. वय पंचविशीच्या आत, बिशपसाठी नियम तिशीचा. एकाच माणसाकडे एवढी पदं राहू देण्यासाठी रोमने 10,000 डुकाट (सोन्याची नाणी) घेतले, नेहमीचं शुल्क वेगळं. कागदोपत्री ही सायमनी नव्हती, सवलतीचं शुल्क होतं. मला मात्र त्याला दुसरं नाव देता येत नाही. पैसा त्याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून उचलला. आणि फेड कशातून? लिओ दहावा याने संत पेत्र महामंदिराच्या बांधकामासाठी जाहीर केलेल्या इंडल्जन्समधून: निम्मी रक्कम रोमला, निम्मी फुगरना. आल्ब्रेख्तच्या सूचनापत्रात ऐपतीप्रमाणे दर होते. राजाराणीला 25 सोन्याचे गुल्डन, खाली खाली कमी होत जाणारे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करावेत. या इंडल्जन्सचा प्रचारक टेट्झेल गावोगाव प्रवचनं देत हिंडत होता. 31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने इंडल्जन्सवर आक्षेप घेणारी आपली 95 विधानं पत्रासोबत पाठवली ती याच आल्ब्रेख्तला. आपल्या पत्राने कुणाचं कर्ज अडचणीत येतंय, याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

ल्यूथरसमोर सुत्रीचा मार्ग नव्हता. सायमनी सिद्ध झाली की माणूस काढता येतो, पण इथे कुठला कायदाच मोडलेला नव्हता, म्हणून भांडण थेट सिद्धान्तावर गेलं.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1562 साली देणगी गोळा करत फिरणाऱ्या प्रचारकांचं पद रद्द केलं, आणि 1567 साली पायस पाचवा याने पैशाशी जोडलेल्या इंडल्जन्स बंद केल्या. इंडल्जन्स मात्र आजही आहे. 2025 च्या ज्युबिली वर्षात ती यात्रेकरूंना मिळत होती, पश्चात्ताप आणि पापनिवेदनाच्या अटीवर आणि विनामूल्य. सायमनीचं उलटंच झालं. पोप ज्यूलियस दुसरा याने फर्मान काढलं होतं, की पैशाने झालेली पोपची निवड मुळातच रद्दबातल. 1904 साली पायस दहावा याने ते बदललं: पैसे देणारा-घेणारा धर्मबहिष्कृत होईल, पण निवड वैध राहील, म्हणजे गादीवर बसलेल्या पोपच्या अधिकारावर मागाहून कुणाला शंका घेता येऊ नये.