माट्टी (ऐन)

महाराष्ट्रात ऐन किंवा सादडा आणि गोव्यात माट्टी म्हणून ओळखला जाणारा मोठा पानझडी वृक्ष व त्याचे इमारती लाकूड. हरडा, बेहडा, अर्जुन आणि किंदळ (महाराष्ट्रातील किंजळ) यांच्याबरोबर त्याचा समावेश काँब्रेटेसी कुलातील टर्मिनालिया प्रजातीत होतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा व काणकोण तालुक्यांच्या घाटाकडील जंगलांत तो किंदळ, नाणा, जांभा यांच्या संगतीने वाढतो. जुन्या झाडाची काळपट करडी साल खोल भेगांनी चौकोनी खवल्यांत फुटलेली असते. मगरीच्या पाठीची उपमा तिला नेहमी दिली जाते आणि ती योग्यही आहे. फळाला पाच पंख असतात.

नावाचा प्रश्न : ‘माट्टी’ हे नाव कन्नड ‘मत्ती’शी उघडच जुळते आणि ते घाटावरून खाली उतरले असावे. ‘ऐन’ची व्युत्पत्ती मात्र वादाची आहे. ती संस्कृत ‘असन’पर्यंत नेण्याचा मोह होतो, पण मधला ‘स’ असा सहज गळणे मराठीच्या वळणात बसत नाही. शिवाय ‘असाणा’ या शब्दात तो शाबूत आहेच. असन म्हणजे नेमके कोणते झाड, हेही सर्वमान्य नाही. उत्तर भारतात आसन किंवा असन म्हणजे ऐन. आयुर्वेदाचे अभ्यासक असन म्हणजे बहुधा बिबळा मानतात आणि मराठीतला असाणा हे ब्रिडेलिया प्रजातीतले तिसरेच झाड. निघंटूंतील (जुन्या आयुर्वेदिक वनस्पतिकोशांतील) असनाचे गुण ऐनाला सरसकट चिकटवणे त्यामुळे धोक्याचे वाटते.

शास्त्रीय नावातही घोळ कमी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी फळाच्या पाच पंखांवरून या गटाला ‘पेंटाप्टेरा’ म्हटले. वाइट व आर्नॉट यांनी १८३४ मध्ये त्याला टर्मिनालिया टोमेंटोजा केले आणि वनखात्यांच्या जुन्या कागदपत्रांत हेच नाव रुळले. पश्चिम घाटातील, पानांवर लव कमी असलेल्या झाडांना काही लेखक टर्मिनालिया क्रेन्युलाटा ही वेगळी जाती मानतात. अलीकडचा कल हे सारे विल्डेनो यांच्या १८०६ मधील टर्मिनालिया एलिप्टिकाखाली एकत्र आणण्याकडे आहे. पानाची लव एकाच डोंगराच्या दोन अंगांना बदलू शकते. त्यामुळे हा मार्ग अधिक समाधानकारक दिसतो. सुताराला या वादाशी देणेघेणे नाही, पण लाकडाचे आकडे ताडून पाहणाऱ्याला आहे. जुन्या तक्त्यांत एकाच लाकडाची मापे दोन-तीन नावांखाली विखुरलेली सापडतात.

लाकडाचे गुणधर्म : बाहेरचे रसकाष्ठ फिकट व पिवळसर असते. गाभा तपकिरी ते गडद तपकिरी असून त्यात काळपट रेघा असतात. शंभर वर्षांची तुळई बाहेरून राखाडी, निर्जीव दिसते, पण करवत आत जाताच तोच रेघांचा तपकिरी रंग उघडा पडतो. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ७५० ते ९५० किलो, म्हणजे सागवानाहून बरेच जास्त. पोत भरड, तंतू कधी सरळ तर कधी एकमेकांत अडकलेले. रंधा मारताना ते उपटून येतात आणि हत्याराची धार लवकर जाते. आधी भोक न पाडता खिळा ठोकला तर खिळा वाकतो किंवा लाकूड चिरते.

खरी अडचण वाळवण्याची. लाकूड घाईने वाळवले की पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, टोके फाटतात. म्हणून ओंडका ओला असतानाच चिरून घ्यावा, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून छपराखाली थप्पी लावावी आणि ऊन व गरम वारा लागू देऊ नये. सावकाश वाळलेले लाकूड नंतर बऱ्यापैकी स्थिर राहते. गाभा मध्यम टिकाऊ, तर रसकाष्ठ किडी व भुंगेरे लवकर पोखरतात. ‘माट्टीला कीड लागत नाही’ हे ऐकीव मत फक्त गाभ्यापुरते आणि तेही छपराखालच्या लाकडाबाबत खरे. ओल्या जमिनीत पुरलेल्या खांबाला ते लागू नाही. गाभ्यात रसायन नीट मुरत नसल्याने तो भागही औषधाने पुरता सुधारत नाही.

उपयोग : तुळया, खांब, वासे, चौकटी, बैलगाडीचे भाग, नांगर. चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचे वजन पेलणाऱ्या छपराला त्याची ताकद उपयोगी पडते. नक्षीकामाला सुतार फणस किंवा सागवान पसंत करतात. जुन्या घराच्या मोडतोडीतून निघालेल्या वाशांची ओळख केवळ ‘माट्टीचे’ या सांगण्यावर ठेवू नये, कारण किंदळही त्याच कामाला वापरले जाते.

सालीत टॅनिन (कातडी कमावण्यास लागणारे तुरट द्रव्य) भरपूर असते. तिच्या राखेत चुन्याचे प्रमाण मोठे असल्याने काही भागांत ती विड्याला चुन्याऐवजी चालते. पानांवर टसर रेशमाचे किडे पोसतात. कोकणात भातरोपांच्या राबासाठी, म्हणजे रोपांच्या जागेवर जाळण्यासाठी, फांद्या तोडल्या जातात. कोरड्या ऋतूत काही झाडांच्या बुंध्यात पाणी साठते व साल छेदल्यावर ते बाहेर येते.

गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून माट्टीचे नाव अनेक याद्यांत आढळते. माडाला २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळल्यावर वाद झाला आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने माडालाच राज्यवृक्ष जाहीर केले. जुन्या याद्या मात्र बदललेल्या नाहीत. खासगी जमिनीतले झाड तोडण्यासही १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.