रेड वाइन घेताना: बाग कुठली, हात कुणाचा

"एक चांगली रेड द्या." आमच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य. आम्ही उलट विचारतो, "आज जेवायला काय?" काहींना हा चोंबडेपणा वाटतो, पण उत्तर कळलं की फळीवरच्या निम्म्या बाटल्या आपोआप बाद होतात.

बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकटच असतो. रंग असतो सालीत. रस सालींसकट आंबवला की रंग उतरतो आणि सोबत तुरटपणाही येतो, कडक कोऱ्या चहाचा असतो तसा. तो ज्यामुळे येतो त्याला टॅनिन म्हणतात. झणझणीत तांबड्या रश्श्यावर कॅबरने द्राक्षाची जास्त टॅनिनची वाइन घेतली तर तोंड आणखी पोळतं. अशा वेळी नाशिकच्या सुला कंपनीची झिनफँडल द्राक्षाची रेड न्या, तीही जरा गार करून.

सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला परतले, 1997 मध्ये वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. त्यांची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ (शिराझ हे द्राक्षाचं नाव) ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली असते. काळी मिरी, पिकलं जांभूळ असा तिचा बाज. सुक्या मटणासोबत आम्ही बहुधा हीच काढून देतो.

निफाड म्हटलं की पेपरातले थंडीचे आकडे आठवतात. तिथल्या रेव्हेलो या वाइन कंपनीने सिसिलीचं नेरो द'आव्होला हे द्राक्ष लावलं. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, बोट दाखवा.

अकलूजचं प्रकरण वेगळं. सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या मुलखात, फ्रातेल्ली या वाइन कंपनीने बागा उभ्या केल्या. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावांच्या जोड्यांनी ती सुरू केली. वाइनमेकर पिएरो मासी टस्कनीचे, त्यामुळे तिकडचं सांजोव्हेज हे द्राक्ष इथे आलं. त्यांची सेत्ते नावाची वाइन सांजोव्हेज आणि कॅबरने सोव्हिन्यों यांची. महाग आहे, आणि घाईत पिण्याची नाही.

कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याची ग्रोव्हर ही वाइन कंपनी या सगळ्यांच्या आधीची. फ्रान्सच्या बोर्दो या वाइनच्या मुलखातले मिशेल रोलां त्यांचे सल्लागार होते. त्यांची ला रिझर्व्ह म्हणजे कॅबरने आणि शिराझ यांची वाइन. पहिल्यांदाच ओकची चव बघायची असेल तर आम्ही हिच्यापासून सुरुवात करा म्हणतो.

आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फ्रान्समध्ये द्राक्षं तोडत असतात तेव्हा नाशकात कात्री चालू असते. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, ऊन चढत असताना. साखर भराभर भरते, म्हणून वाइनला पिकल्या फळाची चव येते. बोर्दोशी ताडून बघाल तर दोघींवरही अन्याय होईल.

गोव्याहून येणारी गोड 'पोर्ट' रेड असली तरी या पंगतीतली नाही, आणि पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली खरी पोर्टही ती नव्हे. आजीला आवडते, आम्ही ठेवतो.

रेड थंड करायची नाही, हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा. तिला 16 ते 18 अंश मानवतात आणि आपल्या घरात मे महिन्यात 35 असतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बुचाची बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. त्यानंतर उरलीच तर मटणाच्या रश्श्यात घाला. सेत्ते मात्र नको, आमचा जीव तुटतो.