स्वखर्चाची मोहीम आणि किमान निधीची मोहीम: देणगीचा पैसा जातो कुठे?

ओळखीचे कोणीतरी एका सेवाभावी संस्थेसाठी आफ्रिकेतल्या 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारो पर्वतावर चढाई करणार असल्याचे कळवते आणि देणगी मागते. देणगीच्या पानावर सॅक पाठीवर घेतलेला फोटो असतो, संस्थेचे बोधचिन्ह असते आणि उद्दिष्टाच्या किती टक्के रक्कम जमली हे दाखवणारी रंगीत पट्टी असते. विमानाचे तिकीट कोणाच्या पैशातून निघाले, हे मात्र त्या पानावर बहुधा नसते. या मोहिमांचे दोन मुख्य प्रकार याच प्रश्नावर वेगळे होतात, आणि बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसत असल्यामुळे देणाऱ्यांचा गोंधळ उडतो, तसाच भाग घेणाऱ्यांचाही.

स्वखर्चाच्या मोहिमेत सहभागी व्यक्ती प्रवास, वाटाडे, तंबू, विमा आणि राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क हे सारे स्वतःच्या खिशातून आयोजक कंपनीला देते. देणग्यांचा या व्यवहाराशी संबंध नसतो. त्या संस्थेच्या खात्यात जातात. किमान निधीच्या मोहिमेत सुरुवातीला केवळ नोंदणी शुल्क भरायचे असते आणि ठरावीक रक्कम ठरावीक मुदतीत जमवण्याची हमी द्यायची असते. आयोजक कंपनीचे बिल संस्था याच जमलेल्या रकमेतून भागवते. समजा, किमान निधी 100 आणि माणशी खर्च 45 असेल, तर नेमके 100 जमवणाऱ्या व्यक्तीमुळे सेवाकार्याला 55 मिळतात. मात्र खर्च 45 वरच थांबलेला असल्याने त्याच व्यक्तीने 160 जमवले, तर वरचे 60 पूर्णपणे कार्यासाठी उरतात आणि खर्चाचे प्रमाण बरेच खाली येते. म्हणूनच किमान आकडा गाठल्यावर हात आखडता घेणे, हा या प्रकारातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, असे मला वाटते.

किमान निधीची पद्धत म्हणजे फसवणूक, असे समजणे मात्र अन्यायाचे ठरेल. मोहिमेचा खर्च ज्यांना झेपणार नाही, पण माणसे जोडून पैसा उभा करण्याची ज्यांच्यात धमक आहे, त्यांना ही पद्धत दार उघडून देते. आक्षेप घ्यायचा तो लपवण्यावर. 'माझा सर्व खर्च मी स्वतः करत आहे' किंवा 'माझ्या प्रवासाचा खर्च संस्था जमलेल्या निधीतून करणार आहे' यांपैकी खरे असेल ते एक वाक्य देणगीच्या पानावर अगदी वरच लिहिलेले असावे. कायदाही हा फरक ओळखतो. ब्रिटनमधील 'गिफ्ट एड' योजनेत करदात्याने दिलेल्या प्रत्येक 1 पाउंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात. परंतु सहभागी व्यक्तीचा खर्च निधीतून होत असेल, तर तिने स्वतः किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या रकमेवर हा लाभ सहसा मिळत नाही.

या दोहोंपेक्षा निराळी वाट टेरी फॉक्सने 1980 मध्ये धरली होती. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा तरुण कर्करोग संशोधनासाठी निधी जमवत कृत्रिम पायाने कॅनडात 143 दिवस धावला आणि त्याने 5,373 किलोमीटर अंतर कापले. गाडी, इंधन आणि बूट त्याने कंपन्यांकडून वस्तुरूपाने मिळवले होते. त्यामुळे रस्त्यावर लोकांनी दिलेल्या पैशातून बूट घेण्याची वेळच येणार नव्हती. आजही एखादी कंपनी खर्च उचलायला तयार असेल, तर किमान निधीपेक्षा हा मार्ग केव्हाही सरस.

मोहीम रद्द झाली तर काय, हा प्रश्न नोंदणीच्या उत्साहात मागे पडतो. स्वखर्चाच्या मोहिमेतून माघार घेणाऱ्याचा वाद आयोजक कंपनीशी असतो आणि देणग्या जागच्या जागी राहतात. किमान निधीच्या मोहिमेत नोंदणी शुल्क बहुधा बुडते, आणि रक्कम मुदतीत पूर्ण झाली नाही, तर फरक स्वतः भरायचा की नाव मागे घ्यायचे, हे आधी मान्य केलेल्या अटींवर ठरते. त्या अटी सही करण्यापूर्वीच वाचायला हव्यात.

राहिला खर्चाचा आकडा. तो कमी असला की चांगला, असे दोन्ही प्रकारांत गृहीत धरले जाते, पण किलिमांजारोवर तंबू, भांडी आणि अन्न भारवाहक वाहून नेतात, आणि स्वस्त मोहिमेतली बचत अनेकदा त्यांच्याच मजुरीतून, जेवणातून आणि उबदार कपड्यांतून निघते. त्यामुळे आयोजकाला माणशी किती, हे विचारताना भारवाहकाला दिवसाला किती मिळतात आणि त्याच्या पाठीवर किती किलो असतात, हेही विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.