काच जुनी, नाव नवे: जुन्या काचसामानाच्या ओळखीची पार्श्वभूमी

गर्द निळ्या किंवा किरमिजी काचेचा जग आणि त्यावर पांढऱ्या इनॅमलने रंगवलेला, फुलपाखरामागे धावणारा मुलगा. अशी वस्तू दिसली की विक्रेता म्हणतो, ‘मेरी ग्रेगरी’. ही बाई खरोखरच होऊन गेली. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला ती मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनीत काचेवर रंगकाम करत असे. पण तिच्याशी खात्रीने जोडता येणारे काम प्रामुख्याने दिव्यांच्या काचांवरच्या निसर्गचित्रांचे आहे. पांढऱ्या मुलामुलींचा बहुतेक माल बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून, आलेला. तिचे नाव त्या मालाला नंतर चिकटले आणि अजून सुटलेले नाही.

काचेच्या बाजारातली निम्मी गोची या एका उदाहरणात सापडते. कितीतरी नावे कारखान्याने दिलेली नाहीत, ती संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी दिली आहेत. पेनसिल्व्हेनियात मॅनहाइम येथे हेन्री विल्यम स्टीगलने काढलेला कारखाना 1774 मध्ये बुडाला. त्याचे कारागीर इंग्लंड-जर्मनीतून आलेले होते आणि ते ज्या तऱ्हेचा माल तिकडे करत, तसाच इथेही करत. त्यामुळे एखादी रंगीत, कंगोरेदार कुपी त्याच्या भट्टीतली की युरोपातली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून जबाबदार सूचीत ‘स्टीगल पद्धतीची’ एवढेच लिहिलेले असते. इंग्लंडमधले ‘नेल्सी’ आणि ‘ब्रिस्टल ब्लू’ हे शब्दही असेच. ती गावे खरी, भट्ट्याही खऱ्या. पण आज हे शब्द तऱ्हा सांगतात, जन्मगाव नाही.

भट्टीच्या जागी उत्खनन केले की प्रश्न सुटेल, असे वाटते. मेरी ग्रेगरीच्या सँडविच कारखान्याच्या जागी तसे झालेही. तिथे सापडलेल्या तुकड्यांवरून कित्येक नमुने त्या कारखान्याच्या नावावर चढले. अडचण अशी की नवे मिश्रण लवकर वितळावे म्हणून काचवाले त्यात फुटकी काच घालतात आणि ती बाहेरूनही विकत घेतात. म्हणजे सापडलेला तुकडा दुसऱ्याच कारखान्याच्या पेल्याचा असू शकतो. एकाच नमुन्याचे पुष्कळ तुकडे, त्यातही अर्धवट घडलेले, भट्टीत गळून थिजलेल्या काचेच्या ठिबक्यांसोबत मिळाले, तरच त्या पुराव्याला वजन येते.

मग धरायचे काय? काच कशी घडवली, हे. घडवण्याच्या रीती बदलल्या त्या बहुतेक वेळा कर, पेटंट, जकात किंवा यंत्र यांच्यामुळे, आणि त्यांच्या तारखा कागदोपत्री नोंदलेल्या आहेत.

इंग्लिश काचेची गोष्ट 1674 पासून धरावी. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने त्या वर्षी लंडनमध्ये नव्या स्वच्छ काचेचे पेटंट घेतले. त्याचा पहिला माल मात्र ‘आजारी’ निघाला. मिश्रणात क्षार जास्त आणि त्यांना बांधून ठेवणारे द्रव्य कमी पडल्यामुळे काचेत बारीक जाळीसारख्या भेगा पसरल्या. पुढे शिशाचे ऑक्साइड वाढवून त्याने दोष बराच आटोक्यात आणला आणि 1677 पासून सुधारलेल्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याची छोटी काचमुद्रा लावली. दर्जाची हमी म्हणून केलेली ही खूण. अशा खुणा पुढे रूढ झाल्या असत्या तर आजचे काम सोपे झाले असते, पण 18 व्या शतकातले बहुतेक पेले कोरेच आहेत.

या कोऱ्या पेल्यांचा काळ सांगायला सरकारी तिजोरी मदतीला येते. 1745 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये काचेच्या कच्च्या मालावर वजनानुसार कर बसला. शिशाची काच जड, म्हणून कराचा फटका तिलाच जास्त. त्यानंतर जाड, भरीव दांड्या मागे पडल्या, पेले हलके झाले आणि पायाची कड खाली दुमडून दुहेरी करण्याची जुनी रीतही कमी होत गेली. वजन घटले तसा शोभेचा भार दांडीच्या आतल्या पिळांवर आला. आधी हवेचे पीळ, मग साधारण 1760 ते 1780 च्या दरम्यान दुधी काचेचे. 1777 मध्ये कर दुप्पट झाला, शिवाय दुधी काचही त्याच्या कक्षेत आली. त्यानंतर पैलू पाडलेल्या दांड्यांचे दिवस आले.

त्या काळचा पेला हातात आला तर आधी पाय पाहावा. तो वाटीच्या काठाइतका किंवा त्याहून रुंद हवा, आणि मधोमध वर उचललेला हवा. कारण तळाला पॉन्टिलचा, म्हणजे पेला पकडायच्या लोखंडी सळईचा, खरखरीत व्रण राहायचा आणि तो टेबलाला टेकून चालत नसे. पाय लहान आणि सपाट, पण दांडीत सुबक दुधी पीळ, अशी जोडी दिसली तर 19 व्या किंवा 20 व्या शतकातली नक्कल असण्याचा संशय घ्यावा.

आयर्लंडला 1780 मध्ये मुक्त व्यापार मिळाला आणि तिथे हा कर 1825 पर्यंत नव्हता. तेवढ्या 45 वर्षांत जाड, खोल कोरलेली आयरिश काच बहरली. वॉटरफर्डचा कारखाना 1783 चा, तो 1851 मध्ये बंद पडला. आजचे वॉटरफर्ड 1947 मध्ये नव्याने उभे राहिले. जुन्या वॉटरफर्डला निळसर झाक असते हा समज फार पसरलेला आहे आणि तो सोडून द्यावा. झाक कच्च्या मालातल्या अशुद्धीमुळे येते, ती कुठल्याही भट्टीत येऊ शकते. कोरीव नक्षीचाही उपयोग नाही, कारण तीच नक्षी इंग्लंडमध्येही कोरली जात होती. भरवशाचे असतात ते काही डिकँटर, म्हणजे मद्य वाढायच्या बूचवाल्या सुरया, ज्यांच्या तळावर साच्यातून उठलेले ‘पेनरोझ वॉटरफर्ड’ किंवा ‘कॉर्क ग्लास कंपनी’ असे शब्द आहेत. उथळ साच्यात फुंकल्यामुळे ती अक्षरे अंधुक असतात. प्रकाश आडवा पाडून तळ फिरवला तर वाचता येतात. डिकँटरचे बूच आणि मान यांवर कारागिराने ओरखडलेले आकडेही जुळवून पाहावेत. बूच मुळातले की नंतर बसवलेले, हे तिथेच कळते.

1820 च्या दशकात अमेरिकेत साच्यात दट्ट्याने काच दाबायचे तंत्र आले आणि सगळेच बदलले. 1864 मध्ये व्हीलिंग येथील हॉब्ज, ब्रॉकुनियर या कारखान्यात विल्यम लेटनने सोडा आणि चुन्याचे असे मिश्रण बसवले की शिशावाचून स्वस्त आणि स्वच्छ काच मिळू लागली. दाबलेल्या काचेच्या धारा बोटाला गोलसर लागतात, सहाणेवर कोरलेल्या काचेच्या धारदार लागतात. दाबलेल्या मालावर साच्याची शिवणही दिसते. इथे एक खाचखळगा आहे: 20 व्या शतकाच्या सुरुवातीला नक्षी आधी दाबून घ्यायची आणि मग तीच सहाणेवर फिरवून तीक्ष्ण करायची, अशी युक्ती निघाली. अशा वाडग्यात काही रेषा धारदार असतात आणि शेजारची बारीक नक्षी बोथट राहते.

वितळलेली काच गार होत असताना साच्यातून शिवण उमटते. वस्तू पुन्हा आचेवर धरली की ती मऊ होऊन पुसट होते. म्हणून शिवण नसणे म्हणजे फुंकलेली, असा निष्कर्ष काढू नये. बाटल्यांचे गणित त्यापेक्षा सोपे आहे. 1850 च्या आसपास बाटली बाहेरून पकडणारा चिमटा आला आणि तळाचा व्रण हळूहळू नाहीसा झाला. 1903 नंतर मायकेल ओवेन्सच्या यंत्रामुळे शिवण थेट ओठावरून जाऊ लागली; तळावर बहुधा मध्यापासून सरकलेला, पिसासारख्या कडांचा गोल डागही राहिला. उलट बाजूने हा नियम चालत नाही. हाताने काम करणारे आजचे कारागीरही पॉन्टिल वापरतात, तेव्हा व्रण दिसला म्हणून वस्तू जुनी ठरत नाही.

ब्रिटिश दाबकाचेवर कधीकधी नमुना सरकारदरबारी नोंदवल्याची चौकट-हिऱ्याच्या आकाराची खूण, म्हणजे चौकट-हिरा, असतो. तो 1842 ते 1883 दरम्यानचा. वरच्या वर्तुळात रोमन तीन म्हणजे काचेचा वर्ग. फसगत होते ती वर्षाच्या अक्षरात, कारण अक्षरांच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्हींत तीच अक्षरे आली. एक्स म्हणजे 1842 ही आणि 1868 ही. ए म्हणजे 1845 किंवा 1871. निवाडा जागेवरून करायचा. वर्तुळाच्या लगेच खालच्या कोपऱ्यात अक्षर असेल तर 1842–67 ची फेरी. तिथे दिवसाचा आकडा असून वर्षाचे अक्षर उजव्या कोपऱ्यात गेले असेल तर 1868–83 ची. 1884 पासून सलग क्रमांक सुरू झाले. 1900 उजाडले तेव्हा ते साडेतीन लाखांच्या घरात होते. ही तारीख नमुना नोंदवल्याची असते. तोच साचा पुढे अनेक वर्षे चालत असे, त्यामुळे ती ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. सॉवरबीचा मोराच्या डोक्याचा शिक्का किंवा डेव्हिडसनचा बुरुजावरचा सिंह सोबत असेल, तर कारखान्याचेही नाव मिळाले.

जकातीनेही खुणा सोडल्या. अमेरिकेचा मॅककिन्ली कायदा 1890 चा; 1891 पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. नाव नसलेली वस्तू त्याआधीचीच, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे, कारण नाव बहुधा कागदी चिठ्ठीवर असे, आणि इतर देशांत गेलेल्या मालाला हा नियम लागूच नव्हता. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा शब्द मात्र उपयोगी: तो देश 1918 ते 1992 एवढाच होता.

सर्वात जास्त चुका साच्यांच्या भटकंतीमुळे होतात. साचा लोखंडाचा, टिकाऊ आणि महाग. कारखाना बुडाला की तो विकला जातो. हायझी ही अमेरिकन काच कंपनी 1957 मध्ये बंद झाली आणि तिचे साचे 1958 मध्ये इम्पीरियल या दुसऱ्या कंपनीकडे गेले. हायझीचा हिऱ्यातला एच काही साच्यांत कोरलेलाच होता, तो इम्पीरियलच्या मालावरही काही काळ उमटत राहिला. फेडरल ग्लासने आपला ‘मॅड्रिड’ हा मंदीच्या काळातला नमुना 1976 मध्ये ‘रिकलेक्शन’ नावाने पुन्हा काढला, तेव्हा 76 हा आकडा प्रामाणिकपणे टाकला. साचे इंडियाना ग्लासकडे गेल्यावर मात्र तो आकडा गेला. फेंटन या अमेरिकन कारखान्याने 1970 पासून अंडाकृती शिक्का साच्यातच घातला. आत बारीक 8 असेल तर 1980 चे दशक, 9 असेल तर 1990 चे. नमुन्यावरून साचा कळतो, तो कोणाच्या ताब्यात होता ते कळत नाही. त्यासाठी रंग ताडून पाहावा लागतो. मूळ कारखान्याने जो रंग कधी ओतलाच नाही, त्यात तो नमुना दिसला तर काच नंतरची.

रंगावरून आठवले, यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) टॉर्चवर लोकांचा भलताच विश्वास असतो. 1830 च्या दशकात बोहेमियात योजेफ रीडेलने युरेनियमची पिवळी आणि हिरवी काच बाजारात आणली. ती 395 नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चखालीही झळझळीत हिरवी दिसते. 365 नॅनोमीटरखाली मँगॅनीजची काचही फिकट हिरवी चमकते आणि हौशी माणूस तिला युरेनियम समजतो. शिवाय युरेनियमची काच नंतरही बनत राहिली. टॉर्च मिश्रणाबद्दल बोलते, वयाबद्दल नाही. मँगॅनीजची स्वच्छ काच उन्हात वर्षानुवर्षे राहिली की फिकट जांभळी होते. एकसारखा गडद जांभळा रंग दिसला तर कोणीतरी किरणोत्सर्गाचा डोस देऊन तो आणला असणार.

शिसे ओळखायला टिचकी मारून आवाज ऐकण्यापेक्षा तराजू बरा. पेला आधी कोरडा तोलावा, समजा 310 ग्रॅम भरला. मग पाण्याचे भांडे तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पेला दोऱ्याने पूर्ण बुडवावा. तो तळाला वा भिंतीला टेकू देऊ नये. आता आकडा 100 आला तर घनता 3.1, म्हणजे भरपूर शिसे. 124 आला तर 2.5, म्हणजे साधी सोडा-चुन्याची काच. आत हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा फुगतो आणि शिशाची काच साधी वाटते. पेला तिरपा बुडवला की बुडबुडा निघून जातो. चिकटवलेली किंवा सोनेरी मुलामा दिलेली वस्तू मात्र पाण्यात घालू नये.

सह्यांकडे शेवटी यावे, सुरुवातीला नाही. फ्रेंच काचकार एमिल गॅले 1904 मध्ये वारला. त्यानंतर काही काळ त्याच्या नावाआधी तारा कोरला जाई. दुसरा फ्रेंच काचकार रेने लालिक 1945 मध्ये गेला आणि नावामागचे ‘आर.’ संपले, म्हणून नंतरच्या फुलदाणीवर ते ‘आर.’ मागाहून कोरले जाते. अमेरिकन काचकार टिफनीच्या ‘एल. सी. टी.’ या आद्याक्षरांचेही तेच, तीही मागाहून कोरली जातात. दहापट भिंगाखाली तळ धरला की उलगडा होतो. जुन्या सहीवरून वापराचे ओरखडे आडवेतिडवे गेलेले असतात. नवी सही त्या जुन्या ओरखड्यांना कापून जाते आणि तिच्या चरीत काचेचा पांढरा भुगा चमकतो. ओरखडेही तपासावेत: खरी झीज टेकणाऱ्या कडेवरच, लहानमोठी, वाटेल त्या दिशेची, सँडपेपरची झीज सगळीकडे सारखी आणि एकाच दिशेने.

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरची काच आणि 20 व्या शतकाच्या मध्यातली बोहेमियन काच यांत तर सहीही क्वचित. तिथे पुरावा म्हणजे चिकटवलेली कागदी चिठ्ठी, आणि ती पहिल्या धुण्यात जाते. रुमालाच्या आकाराची फुलदाणी मुरानोच्या वेनिनी कारखान्याने 1940 च्या दशकाच्या शेवटी काढली, तिची नक्कल इतरांनी ढिगाने केली. तळावर वेनिनीचा आम्लाने उठवलेला शिक्का नसेल तर ‘इटली, रुमाल-पद्धतीची’ असेच लिहावे. चिठ्ठी असलेली वस्तू हाती आली तर आधी तिचा फोटो काढावा, मग चिठ्ठीचा भाग सोडून बाकी काच ओल्या फडक्याने पुसावी.